टेपाच्या डोंगराची भेग

टेपवाडी, कान्हे स्टेशनजवळ, ता. मावळ
५ जानेवारी २०२४

चि. समीक्षास निवृत्तीमामाचा जयभीम आन लय आशीर्वाद.

पत्र कान्ह्याला प्रदीपच्या झेरॉक्सच्या दुकानातनं धाडतोय. मी हातानं लिवायचं, त्यानं फोटो काढून तुझ्या कंप्यूटरवर टाकायचं, म्हंजी चहा निवायच्या आत पत्र जर्मनीला. तुझं उत्तर बी तोच छापून देतो. तू म्हणतीस फोन करा. पर वाडीत रेंज न्हाई, आन फोनवर माणूस अर्धंच बोलतं. मला कागद बरा.

आता मुद्द्याचं. वाडी लय भ्यालीय. परवा सकाळी कैलास गुरं घिऊन टेपाच्या डोंगरावर गेलता. वरच्या माळावर, आपल्या वाडीच्या अंगाला, एक भेग पडलीय. त्या भेगेतनं वाफ येत व्हती, भाताच्या पातेल्यातनं येती तशी. त्यानं हात धरला तर कोमट. गडी गुरं तितंच टाकून खाली पळत आला. त्यात तू मागल्या वरसाला शाळंत पोरांना सांगून गेलीस की हा समदा डोंगर म्हंजी लाव्हा हाय. कैलासच्या सृष्टीनं ते वहीत लिवून ठेवलं व्हतं. तिनं वही वाचून दाखवली आन झालं. बाया पोरांना घराबाहेर पडू देईनात. सहा घरांनी भांडीकुंडी बांधलीत, नवलाख उंबरे गावी पाव्हण्यांकडं जायाला.

काल मी वर गेलतो. खोटं कशाला बोलू, भ्यालो व्हतो. भेग शंभर पावलं लांब हाय, चार बोटं रुंद. हात घातला तर आतनं ऊब. पहार नेली व्हती. तुला ठावं हाय, तीस वरसं रेल्वेच्या डोंगर ग्यांगमधी काढली मी. लोणावळ्याच्या खाली घाटात दोरीला लटकायचं, पावसाच्या आदी एकेक धोंडा ठोकायचा. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर सुटलेला, तो आपण पाडायचा, न्हाईतर गाडीवर येतो. तसंच हितं ठोकून बगितलं. खणखणीत वाजतोय. तसं वाडीला सांगितलं बी.

पर वाफेचं मला कळत न्हाई. खडकाचं मी बगतो, आगीचं तू सांग. तुझ्या हापिसच्या छापील कागदावर लिव, लोकांना त्याचं वजन वाटतं. मामीचा आशीर्वाद.

तुझा मामा
निवृत्ती

•

बर्लिन
७ जानेवारी २०२४

ती. मामांना सविनय जयभीम.

हा छापील कागद वाडीला वाचून दाखवा. दुसरा फक्त तुमच्यासाठी आहे.

टेपाचा डोंगर लाव्ह्याचाच आहे, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा माणूस नावाचा प्राणीही नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा आला आणि पसरला. एक थर थंड झाला, हजारो वर्षं तसाच पडून राहिला, त्याच्या वरच्या अंगाची माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. आपल्या कड्यात मधोमध तांबडा पट्टा दिसतो ना, जिथली माती बाया चुलीला आणि भिंतींना लावतात, ती हीच. खाली काळा खडक, वर काळा खडक, मधे ही तांबडी माती. असे कितीतरी थर एकावर एक बसलेत.

वाफेला भिऊ नका. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, तसंच हे. डोंगराच्या पोटातली हवा उबदार आणि ओलसर असते. बाहेर कडाका पडला की तिचं धुकं होतं. आपल्या तोंडातून सकाळी निघते तशी ती वाफ, आगीची नाही. ज्वालामुखी इथे पुन्हा जागा होणार नाही, हे मी खात्रीनं सांगते. आणि खडकाबद्दल म्हणाल तर निवृत्तीमामांनी स्वतः ठोकून बघितलंय, त्यापुढे मी काय बोलणार. घरं सोडून कुणीही कुठे जाऊ नका.

समीक्षा

(दुसरा कागद)

मामा, पत्र वाचून आधी घाबरले, मग हसू आलं. एका तासाच्या भाषणात वाडी पळायला निघाली, म्हणजे मी अर्धंच शिकवलं असणार.

तुम्ही विचारत होता मी इथे नक्की काय करते. शुक्रावरचा लाव्हा बघते. शुक्रावर कायम दाट ढग असतात, साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका यानानं ढगातून आरपार जाणाऱ्या लहरी सोडून तिथल्या जमिनीच्या आकृत्या काढल्या होत्या. खडबडीत जमीन त्यात उजळ दिसते, गुळगुळीत जमीन काळी. नवा लाव्हा बहुतेकदा खडबडीत असतो. एकाच जागेच्या, काही महिन्यांच्या अंतरानं काढलेल्या दोन आकृत्या मी शेजारी शेजारी ठेवते आणि काय बदललं ते शोधते. डोळे फुटायची वेळ येते.

मामी कान्ह्याला बाजाराला आली की फोन करते. तुम्ही तिच्या शेजारी उभे असता म्हणे, पण फोन हातात घेत नाही. भाचीचा राग आलाय का?

तुमची
समीक्षा

•

टेपवाडी
२० फेब्रुवारी २०२४

चि. समीक्षास जयभीम.

राग कसला गं. तुझा कागद समाजमंदिरात वाचून दाखवला आन खळ लावून भिंतीला चिकटवला. बांधलेली गाठोडी सुटली. कैलास तर इतका धीट झालाय की घरावर स्लॅब घालतोय. बायकोनं विचारलं आदी पावसाळा बगावा का, तर म्हणला, निवृत्तीभाऊनं ठोकलंय, समीक्षानं लिवलंय, आता कशाला भ्यायचं. सरुबाई तेवढी कुरकुरती. तिचं घर समद्यात वर, कड्याच्या पायथ्याला. ती म्हणती, माझ्या सासूच्या येळंला ती भेग नव्हती. तिला म्हणलं, सासूच्या येळंला तुझी कुरकूर बी नव्हती. हसली.

तू त्या दोन आकृत्या शेजारी ठेवायचं लिवलंस ते मला आवडलं. आमी घाटात तेच करायचो. धोंड्याला चुन्याचा पट्टा मारायचा आन आठ दिसांनी बगायचा, फाटला का. म्हणून मी भेगेच्या दोन्ही अंगाला दोन खुंट्या ठोकल्या, मधी दोरी बांधली. दोरी सैल हाय का ताठ, बगत ऱ्हाईन.

अजून एक. तांबड्या मातीच्या पट्ट्यातनं यंदा माघात बी पाणी पाझरतंय. मामी म्हणती माती लोण्यावानी हातात येती, खणावी लागत न्हाई. बायांना बरंच झालं.

मामा

•

बर्लिन
८ एप्रिल २०२४

ती. मामांना जयभीम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. दीड महिना मी एकाच जागेकडे बघत बसलेय आणि मला भीती वाटतेय. तुम्हालाच सांगते, इथे कुणाला सांगायची सोय नाही.

शुक्रावर एका डोंगराच्या उतारावर पहिल्या आकृतीत काही नाही. आठ महिन्यांनंतरच्या आकृतीत तिथे एक उजळ जीभ आहे, वरून खाली ओघळलेली, आपल्या वाडीपासून लोणावळ्यापर्यंत पोचेल इतकी लांब. म्हणजे त्या आठ महिन्यांत तिथे डोंगर फुटला आणि लाव्हा वाहिला. तिथे बघायला कुणी नव्हतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली. कोट्यवधी मैलांवरचं आणि माझ्या जन्माच्या आधीचं, तरी मागे सरकवली.

माझे मार्गदर्शक म्हणतात, घाई करू नकोस. पहिली आकृती डावीकडून काढलेली आहे, दुसरी उजवीकडून. उतार एका बाजूनं बघितला की काळा दिसतो, दुसऱ्या बाजूनं उजळ. कदाचित काहीच बदललं नसेल, बघणाऱ्याची जागा बदलली असेल. ऑगस्टमध्ये मला हे सगळ्यांसमोर मांडायचंय. छाती ठोकून सांगितलं आणि चुकलं, तर पुन्हा कुणी माझं ऐकणार नाही.

खुंट्यांची युक्ती झकास. तुम्हाला इथे नोकरी लावते. फक्त दर वेळी एकाच जागी उभं राहून मोजा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. मामीला सांगा, लोण्यासारख्या मातीनं चूल छान झाली असेल.

समीक्षा

•

टेपवाडी
१३ जुलै २०२४

चि. समीक्षास.

पाऊस आठ दिस उघडला न्हाई. भाताची लावणी अर्धी झालीय, समदी चिखलात हायेत. मी आज वर जाऊन आलो.

तुटली दोरी. खुंट्यांच्या जागी मोजलं, भेग व्हती चार बोटं, आता माझा अख्खा हात आडवा जातोय. खुंटी वाडीकडची खाली गेलीय, वीतभर. जिमिनीला पायरी पडल्यावानी झालंय. वरचं सगळं पाणी त्या भेगंत शिरतंय आन कुटं जातंय कळत न्हाई. म्हंजी परवापर्यंत कळत न्हवतं. परवा विहिरीचं पाणी तांबडं झालं, गेरू कालवल्यावानी. सरुबाईचं दार लागत न्हाई, चौकट वाकडी झालीय. तिनं आदी माझ्याकडं बगितलं, मग डोंगराकडं.

वाफ न्हाई येत आता. तू खात्रीनं लिवलंस म्हणून इचारतो, रागवू नको. आत आग न्हाई ना गं?

मामा

•

बर्लिन
१३ जुलै २०२४

मामा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी वाडी रिकामी करा. सामान नको, माणसं आणि गुरं हलवा. कान्ह्याच्या शाळेत जा.

आग नाही. आगीचं मी बरोबर सांगितलं होतं. पण वाडीला धोका होता डोंगराचा, आणि मी उत्तर दिलं ज्वालामुखीचं. ती तांबडी माती, जिच्याबद्दल मी कौतुकानं लिहिलं, ती भिजली की साबणासारखी होते. तिच्यावर अख्खा काळा खडक बसलाय. भेगेतून पाणी आत गेलं, तांबड्या थरात मुरलं, तिथून ते विहिरीत उतरतंय. वरचा खडक त्या मातीवरून घसरायला लागलाय. पायरी पडली म्हणता ती त्याचीच. तो आला तर सरळ वाडीवर येईल.

आज तुमची तिन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. जानेवारीत चार बोटं. फेब्रुवारीत माती लोण्यासारखी. आज हातभर. सहा महिने मी शुक्रावरच्या दोन आकृत्यांत फरक शोधत होते आणि तुमच्या दोन पत्रांतला मला दिसला नाही. मी चुलीचा विनोद केला. मामा, मला स्वतःची लाज वाटते.

कैलासचा फोन लागत नाही. तालुक्याच्या कचेरीत फोन केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पण दरडी ठिकठिकाणी येतायत, माणूस पोचायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले. तोवर थांबू नका. भिंतीवरचा माझा कागद फाडून टाका.

एकच गोष्ट कळत नाही. जानेवारीत तुम्ही ठोकलं तेव्हा खडक खणखणीत कसा वाजला? सुटलेला खडक तुमच्या हातून सुटत नाही.

समीक्षा

•

टेपवाडी
१४ जुलै २०२४

समीक्षा,

कुणी हलत न्हाई. काल तुझं पत्र वाचलं, घरोघरी गेलतो. समदी म्हणतात, लावणी टाकून कसं जायचं, चार दिसांत रोपं पिवळी पडतील. दरडीचं दर वरसाला कुणी ना कुणी सांगतंच, म्हणतात. कागद फाडला तर कैलास अंगावर आला. म्हणतो, छापील कागदावर खात्रीनं लिवलंय, आता साध्या कागदावर उलटं लिवून आलं, कुठलं खरं धरायचं? आन म्हणला, भाऊ, तुमी ठोकलंय न्हवं, मग झालं.

आता तू इचारलंस त्याचं. कुणाला म्हाईत न्हाई, फक्त मामीला.

मला ऐकू येत न्हाई. रिटायर व्हायच्या आदीपासनं कमी व्हत गेलं. बोगद्यात इंजिनाचे भोंगे, ड्रिलची मशीन, तीस वरसं. आता दोन वरसं झाली, काय बी न्हाई. तोंडाकडं बगून कळतं, मामी पाठीला हात लावून सांगती. म्हणून फोन घेत न्हाई. जानेवारीत मी वर गेलो, पहार मारली, आन मला काय बी आलं न्हाई कानावर. दहा वेळा मारली. हाताला काय तरी वेगळं लागलं, पोकळ लागावं तसं, पर मनाला सांगितलं थंडीनं हात बधिर झालाय. खाली समदी वाट बगत व्हती. पन्नास माणसं तोंडाकडं बगत्यात, निवृत्तीभाऊ, कसा वाजला? डोंगर ग्यांगच्या माणसानं काय सांगायचं, मी बहिरा झालो म्हणून? मी म्हणलं, खणखणीत.

तेच तुला बी लिवलं. तू माझ्यावर इसंबलीस. तुझी चूक न्हाई.

आता एकच इलाज हाय. ही माणसं दरडीला भीत न्हाईत, त्या आगीला भ्याली व्हती. तू छापील कागदावर लिव, की ज्वालामुखी जागा झाला, मी तपासलं, आठ दिसांत फुटंल. एका तासात वाडी मोकळी व्हईल. मी पाया पडतो. एवढं खोटं लिव.

मामा

•

बर्लिन
१४ जुलै २०२४

मामा,

तसं पत्र मी लिहिलं. छापील कागदावर, खाली सही करून. दोन तास समोर ठेवून बसले. पाठवायला हात उचलत होते आणि खाली घेत होते.

मी पाठवत नाही. ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

कैलासच्या सृष्टीची वही आहे. माझ्या जानेवारीच्या कागदातलं, हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेही तिनं त्यात उतरवलं असणार. ते पोर उद्या विचारेल, आणि कैलास हे तिसरं पत्र दोन्ही पत्रांच्या शेजारी ठेवून विचारेल. तीन पत्रं, तीन गोष्टी. मग ते खरोखरच जागचे हलणार नाहीत. आणि गेलेच, तर आगीला भिऊन गेलेली माणसं चार दिवस धूर दिसला नाही की परत येतील. डोंगर मात्र पाचव्या दिवशीही येऊ शकतो. मला तो कधी येईल ते माहीत नाही. खात्रीनं लिहिलेलं एकदा चुकलंय, आता खात्रीनं काही लिहायची माझी हिंमत नाही.

माझा कागद वाचून ते थांबलेले नाहीत, मामा. कैलास तुम्हाला काय म्हणाला ते पुन्हा वाचा. ते तुमच्या ठोकण्यावर थांबलेत. जर्मनीतल्या पोरीपेक्षा त्यांचा निवृत्तीभाऊवर विश्वास आहे, आणि बरोबरच आहे. म्हणून हे मला पुसता येणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल, सगळ्यांसमोर, की तुम्हाला ऐकू आलं नव्हतं.

मला माहीत आहे मी काय मागतेय. आई सांगायची, घाटात धोंडा कसा वाजतो ते साहेबसुद्धा तुम्हाला विचारायचे. पण मामा, मी इथे बसून दर तासाला मावळातल्या पावसाचे आकडे बघतेय आणि रडतेय. मी हजारो मैलांवर आहे. तुम्ही त्या कड्याखाली आहात. मामीला बाहेर काढा. स्वतः बाहेर पडा. उद्याच सांगा.

माझंही सांगते. आज मार्गदर्शकांना लिहून टाकलं की शुक्रावरची ती जीभ नवी आहे असं मी म्हणणार नाही. दिसलं ते दाखवीन आणि शंका कुठे आहे तेही दाखवीन. ते बरं म्हणाले. त्याचं आता मला काही वाटत नाही.

प्रदीपला सांगितलंय, हे पत्र घेऊन स्वतः वाडीवर जा.

समीक्षा

•

कान्हे, शाळा
१९ जुलै २०२४

चि. समीक्षास मामाचा जयभीम.

प्रदीपनं तुला फोनवर कळवलं असंल, तरी माझ्या हातचं वाच.

तुझं पत्र घिऊन प्रदीप भिजत आला. मी वाचलं आन तुझा लय राग आला. मामीला म्हणलं, पोरगी शिकली आन आपल्यालाच खाली बघायला लावती. मामीनं पत्र मला वाचायला लावलं, म्हंजी तोंडानं, तिला ऐकू जाईल असं. मग ती उठली आन पाटीत भांडी भरायला लागली. म्हणली, तुमी सांगा न्हाईतर मी सांगते.

सोमवारी सकाळी समाजमंदिरात माणसं गोळा केली. उभा राहिलो. घाटात सातशे फुटांवर लटकताना एवढं भ्यालो न्हवतो. म्हणलं, मी बहिरा हाय. जानेवारीत मला काय बी ऐकू आलं न्हाई. मी खोटं सांगितलं. कैलास हसला, त्याला वाटलं वाडी हलावी म्हणून मी नाटक करतोय. काय तरी बोलला, कळलं न्हाई. मी बोलत ऱ्हायलो, भेग, दोरी, विहीर, समदं सांगितलं. बोलता बोलता दिसलं की समदी माझ्या खांद्यावरनं मागं बगत्यात. कुणाचं तोंड हलत न्हाई. वळलो तर सरुबाई माझ्या पाठीशी हातभर अंतरावर उभी, हातात ताट आन उलथणं. ती केव्हापासनं बडवत व्हती. नंतर मामी म्हणली, कान किटले लोकांचे. मी वळलो न्हाई तवा समद्यांना पटलं.

सरुबाईनं ताट खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडं बगून कळलं ते असं, सहा महिने माझी नातवंडं तुझ्या बहिऱ्या कानाखाली निजली. मी मान खाली घातली. तिनं पुढं काय म्हणलं ते मामी सांगत न्हाई, मी बी इचारत न्हाई. पर पयली तीच निघाली. दुपारपर्यंत चौदा घरं मोकळी झाली. कैलास शेवटी आला. आला आन माझ्याकडं न बगता पुढं गेला. माझ्या शब्दावर स्लॅब घातला व्हता त्यानं.

हितं शाळंत तीन दिस काय बी झालं न्हाई. पाऊस, लोकांची कुरकुर, रोपं पिवळी पडायला लागलेली. सगळी माझ्याकडं बगायची. मी वाईट सांगतो तुला, मला वाटायचं एकदाचा पडू दे, न्हाईतर ही परत जातील. आन लगेच भीती वाटायची की मी हे काय मागतोय.

काल, बेस्तरवारी, जेवायच्या टायमाला व्हरांड्यात पंगत बसली व्हती. मी वाढत व्हतो. पयलं माझ्या तळपायाला कळलं. फरशी थरथरली, मोठं इंजिन लोडाची गाडी घिऊन घाट चढताना रूळ थरथरतो तशी, पर थांबतच न्हाई. मग समद्या पंगतीची तोंडं एकाच टायमाला फिरली. मी शेवटी वळलो. टेपाचा डोंगर अर्धा न्हवता. कड्याच्या जागी तांबडं दिसत व्हतं, वरपासनं खालपर्यंत ओलं तांबडं, आन खाली धुरळा. पावसात धुरळा, मी कधी बगितला न्हवता.

बाया छाती बडवत व्हत्या, मला ऐकू येत न्हवतं, नुसती तोंडं उघडी. मी पयलं काय केलं असंल तर मोजलं. वाडीची माणसं एकसष्ट. ग्यांगमधी धोंडा पडला की मुकादम पयली माणसं मोजतो, ती सवय. साठ भरली. परत मोजली, साठ. मग दिसलं, कैलासची बायको पोरीला घट्ट धरून रस्त्याकडं बगतीय. तो सकाळीच वाडीवर गेलता. कुणाला न सांगता, वासरू ऱ्हायलं व्हतं त्याचं.

समीक्षा, तो अर्धा तास मी कुणाला सांगू शकत न्हाई. मी धावत निघालो, समदी माझ्या मागनं आली, पुढं माणसांनी धरलं. वाटंवर चिखल व्हता, पुढं वाटच न्हवती. मी चिखलात बसलो. त्याच्या बायकोकडं बगायची हिंमत झाली न्हाई. मनात एकच, खणखणीत म्हणलो व्हतो मी, खणखणीत.

मग ओढ्याच्या अंगानं तो आला. वासरू खांद्यावर, अंग सगळं तांबडं, डोळे तेवढे दिसत व्हते. वाडीच्या अलीकडं ओढ्याला पाणी चढलं म्हणून तो तितंच अडकला व्हता, वासरू आपणहून त्याच्याकडं आलं व्हतं. बायको, पोरगी समदी त्याला लटकली. त्यानं त्यांना बाजूला केलं आन सरळ माझ्याकडं आला. मला वाटलं मारतो आता. तो काय तरी बोलला. तोंडावर चिखल, व्हट दिसंनात.

म्हणलं, कैलास, मला ऐकू येत न्हाई, परत बोल.

त्यानं हातानं तोंड पुसलं आन हळूहळू बोलला, "भाऊ, एकसष्ट भरली का?"

म्हणलं, आता भरली.

तुझा
निवृत्तीमामा